गाणें पाहावें कसें ?

पालकवर्गाकडून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मुलें गाणें ऐकत नाहींत, गाणें पाहतात. आणि तेंही अभ्यासाच्या वेळीं, तळहाताएवढ्या काचेवर. विद्यार्थ्यांचें उत्तरही ठरलेलें आहे : ‘तीन-चार मिनिटांचें तर असतें !’ आमच्या मतें या वादांत दोन्ही पक्षांची एका गोष्टीबद्दल पूर्ण एकवाक्यता आहे. ती ही कीं, हीं गाण्यांचीं चित्रें मन लावून पाहण्याच्या योग्यतेचीं नाहींत. पालक तीं न पाहतां त्यांचा निषेध करतात. मुलें तीं पाहतात खरीं, पण वाऱ्यानें पुस्तकाचीं पानें उलटावींत तशीं. आम्हांला हें एकमत मान्य नाहीं. ज्या वस्तूवर आमचे विद्यार्थी रोज आपले डोळे खर्च करतात ती वस्तु पारखून घेण्याची विद्या त्यांना कोणी तरी दिली पाहिजे, आणि कवितेचा अर्थ सांगणाऱ्या शाळेनें या कामीं हात झटकून मोकळें होणें योग्य नव्हे, असें आम्हांस वाटतें. ज्यास सर्वत्र म्युझिक व्हिडिओ म्हणतात त्यास या लेखापुरतें आम्ही ‘गीतचित्र’ म्हणूं.

गाण्यांतून गोष्ट सांगणें आपणांस नवें नाहीं. शाहीर डफावर थाप मारून गड कसा सर झाला तें सांगतो. कीर्तनकार उत्तररंगांत आख्यान लावतो, आणि कथा ऐन रंगांत आली कीं थांबून पद म्हणतो. श्रोता त्या पदापाशीं घटकाभर विसावतो आणि मग कथा पुढें सरकते. आपल्या बोलपटांनीं हीच रीत उचलली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटांत विष्णुपंत पागनीस स्वतःच्याच गळ्यानें गात. त्याच सुमारास, म्हणजे १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून, एकाचा गळा व दुसऱ्याचे ओठ अशी पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे सुरू झाली असें मानतात. गळा कोणाचाही असो, आपल्या गाण्याला मागें-पुढें कथेचा टेकू असे. नायिकेच्या डोळ्यांत पाणी कां, हें प्रेक्षकाला गाणें सुरू होण्यापूर्वींच ठाऊक असे.

पाश्चात्त्य पॉप गाण्याची स्थिति निराळी. तें एकटेंच जन्मास येतें व एकटेंच विकलें जातें. त्याच्या शब्दांत बहुधा गोष्ट नसते; एखादी मनाची अवस्था तेवढी असते. कोणी सोडून गेलें, कोणी परत यावें, इतकेंच. मग चित्र घेणाऱ्यास गोष्ट बाहेरून आणावी लागते, आणि एकही संवाद न बोलतां, चार मिनिटांच्या आंत, ती पुरी करावी लागते. चौदा ओळींच्या सुनीताइतकेंच हें बंधन कडक आहे. आणि बंधन कडक असलें म्हणजे कारागिराचें पाणी दिसतें.

या प्रकाराचा इतिहास येथें थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांतील क्वीन या वृंदानें १९७५ सालीं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्याचें चित्र ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाकडून अवघ्या चार तासांच्या सुमारास उरकून घेतलें. काळोखांत उजळलेले चार चेहरे आणि एका चेहऱ्याचे अनेक करणारें भिंग, एवढाच त्यांतील मुख्य थाट. १९८१ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंत एम्‌टीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि गीतचित्रांस चोवीस तासांचा बाजार मिळाला. १९८३ मध्यें मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चें, जॉन लँडिस यांनीं घेतलेलें, सुमारें चौदा मिनिटांचें चित्र आलें, २००९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत त्यास स्थान मिळालें, आणि असा मान मिळालेलें तें पहिलेंच गीतचित्र. आतां तर वाहिनीची वाट पाहण्याचेंही कारण उरलें नाहीं. इतिहास इतका पुरे. आम्हांला बोलावयाचें आहे तें कारागिरीविषयीं.

गीतचित्र पाहतांना पहिला प्रश्न हा विचारावा : गाण्यांत जें ऐकूं येतें त्याचीच चित्र पुनरुक्ति करतें आहे काय ? शब्दांत पाऊस आला कीं पडद्यावर पाऊस, शब्दांत हृदय आलें कीं गायकाचा हात छातीवर. हा झाला बालबोध मासला, आणि दहांतील आठ गीतचित्रें याच मासल्याचीं असतात असें आम्ही बेधडक म्हणूं. उलट बाजूचें एक उदाहरण घेऊं. कोल्डप्ले या इंग्लिश वृंदाचें ‘द सायंटिस्ट’ हें गाणें २००२ सालचें. त्याचें चित्र जेमी थ्रेव्ह्‌ज यांनीं घेतलें. गाण्याचा आशय साधाच आहे. मनुष्याचें कांहीं तरी चुकलें आहे, आणि पुन्हां आरंभापाशीं जातां आलें तर बरें होईल असें त्यास वाटतें. एखाद्या सामान्य दिग्दर्शकानें गायकास खिडकीशीं बसवून हातांत जुनें छायाचित्र दिलें असतें. थ्रेव्ह्‌ज यांनीं काळच उलटा फिरविला.

आरंभीं गायक क्रिस मार्टिन उताणा पडलेला दिसतो. तो उठतो आणि उलट्या पावलीं चालूं लागतो. रस्त्यांतील सर्वच जग मागें मागें जात आहे, पण त्याचे ओठ मात्र गाण्याबरोबर सरळ हलत आहेत. शहर मागें पडतें, रान लागतें, आणि रानांत एक चुरडलेली मोटार दिसते. जवळच एक तरुणी निश्चेष्ट पडलेली आहे. येथें प्रथमच प्रेक्षकाच्या काळजांत चर्र होतें. आतांपर्यंत जी गंमत वाटत होती ती गंमत नव्हती. मग ती तरुणी भूमीवरून उचलली जाते, फुटलेल्या काचेंतून परत आंत येते, काचेचे तुकडे पुन्हां एकसंध होतात आणि मोटार उतार चढून रस्त्यावर येते. तरुणीनें आसनाचा पट्टा क्षणभर सोडला होता, हेंही आपणांस दिसतें. अखेरच्या दृश्यांत दोघें मोटारींत सुखानें चालली आहेत. चित्राचा शेवट असा आनंदाचा, आणि तोच पाहवत नाहीं. कारण पुढें काय होणार हें आपणांस ठाऊक आहे आणि त्या दोघांना ठाऊक नाहीं.

आतां यांतील युक्ति पाहा. चित्रीकरणाच्या वेळीं गायक सरळच चालला. मागाहून चित्र उलटें फिरविलें. परंतु चित्र उलटें फिरविल्यावर ओठ गाण्याशीं जुळावे, तर गाणेंही उलटें म्हटलें पाहिजे. यासाठीं मार्टिन यांनीं सुमारें महिनाभर आपलेंच गाणें शेवटाकडून आरंभाकडे म्हणावयाचा अभ्यास केला. ज्यांना हें सोपें वाटत असेल त्यांनीं ‘कमळ’ हा तीन अक्षरांचा शब्द उलटा म्हणून पाहावा. नुसतीं अक्षरें उलटीं लावून भागत नाहीं, प्रत्येक अक्षरांतील स्वर आधीं आणि व्यंजन नंतर आलें पाहिजे. इतक्या श्रमाचें प्रयोजन काय ? आमच्या मतें येथें युक्ति ही दागिना नसून वाक्य आहे. माणसाला मागें जावेंसें वाटतें. चित्र मागें जाऊं शकतें, माणूस जाऊं शकत नाहीं. हें दुःख शब्दांनीं सांगावयाचें तर व्याख्यान झालें असतें.

याच्या शेजारीं दुसरें एक प्रसिद्ध गीतचित्र ठेवूं : जामिरोक्वाय या वृंदाचें ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’, साल १९९६, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर. एका रिकाम्या, फिकट खोलींत एक मनुष्य टोपी घालून नाचतो आहे, आणि पायांखालची जमीन सरकते आहे. पाहणारा थक्क होतो. रहस्य असें कीं जमीन मुळींच सरकत नाहीं. सरकतात त्या भिंती. चारी भिंतींचा सांगाडा एकत्र बांधून चाकांवर ठेवला आणि कॅमेरा भिंतींनाच जखडला. कॅमेरा व भिंती बरोबर फिरतात म्हणून भिंती स्थिर भासतात, आणि स्थिर असलेली भूमि पळूं लागते. स्टेशनांत शेजारची गाडी सुटली कीं आपलीच सुटली असें ज्यास कधीं वाटलें आहे, त्यास हें समजण्यास अडचण नाहीं. सापेक्ष गतीचा धडा शिकवितांना शास्त्रशिक्षकांनीं हें चित्र वर्गांत अवश्य दाखवावें.

तथापि गोष्ट म्हणून पाहिलें तर आम्ही यास ‘सायंटिस्ट’च्या खालीं बसवूं. माणसाच्याच हातच्या यंत्रयुगानें माणसाचे पाय उखडले, असा या गाण्याचा रोख आहे, आणि सरकती भूमि त्यास शोभते, हें खरें; पण चार मिनिटांत त्या मनुष्याच्या आयुष्यांत कांहीं घडत नाहीं. बुद्धीस मेजवानी मिळते, मन उपाशी राहतें. आमचे कांहीं विद्यार्थी याच्याशीं जोरानें असहमत होतील, होवोत. त्यांनीं कारणें लिहून आणावींत, पुढील अंकांत छापूं. मात्र या चित्रावरून एक गोष्ट सर्वांनींच गांठीं बांधण्यासारखी आहे. ‘कॅमेरा खोटें बोलत नाहीं’ असें आपण सहज म्हणतों. कॅमेरा ज्याच्या अंगावर बसतो त्याची बाजू घेतो. भिंतीवर बसला तर भिंत खरी आणि जमीन खोटी. गीतचित्रांतील खरा निवेदक गायक नसतो, कॅमेरा असतो. म्हणून तो कोठें उभा आहे आणि कोणाच्या वतीनें पाहतो आहे, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

यानंतर संकलनाविषयीं, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरें जोडण्याविषयीं, दोन शब्द. आमच्या वाचकांनीं एक प्रयोग घरीं करावा. कोणतेंही आवडतें गीतचित्र आवाज बंद करून लावावें, आणि दृश्य बदललें कीं मेजावर बोटानें टिचकी मारावी. पुष्कळ वेळां बोटास उसंतच मिळणार नाहीं. त्वरेनें तोडणें हा स्वतः दोष नव्हे. लय चढली असतां डोळ्यांसही धांवावेंसें वाटतें. परंतु पुष्कळदां ही घाई झांकण्यासाठीं असते. गायकास नाचतां येत नाहीं तें झांकावयाचें असतें. सांगावयास कांहींच नाहीं तें झांकावयाचें असतें. डोळा स्थिरावूं दिला तर तो शंका विचारील, म्हणून त्यास पळवीत ठेवावयाचें.

या तोडण्याचा एक प्रकार आम्हांस निंद्य वाटतो, आणि त्याविषयीं पालक व विद्यार्थी या दोघांपुढेंही स्पष्ट बोललें पाहिजे. स्त्रीचें चित्र घेतांना कॅमेरा तिला पुष्कळदां एक माणूस म्हणून दाखवीतच नाहीं. एका तुकड्यांत ओठ, दुसऱ्यांत कंबर, तिसऱ्यांत पाय. चेहरा लाभतो तो शेवटीं, आणि तोही दुसरीकडे पाहणारा. कसायाच्या दुकानाची उपमा कठोर वाटेल, पण आम्हांला दुसरी सुचत नाहीं. पालक अशा वेळीं पोशाखाची लांबी मोजतात. आमच्या मतें मोजावयाची ती कॅमेऱ्याची नजर. तोकड्या पोशाखांतील नर्तकी आपादमस्तक, स्वतःच्या कसबांत रमलेली दाखविली, तर तिच्याविषयीं आदरच वाटतो. आणि पायघोळ लुगडें नेसलेली नायिका आमच्याच देशांतील चित्रपटांच्या गाण्यांत अशा रीतीनें तुकडे तुकडे करून दाखविलेली आम्हीं पाहिली आहे. हें रोज पाहणारा मुलगा उद्यां बाकावर शेजारीं बसणाऱ्या मुलीकडे कसा पाहील ? आणि ती मुलगी आरशांत स्वतःकडे कशी पाहील ? मुलांच्या हातून फोन काढून घेतल्यानें या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, कारण तीच नजर चौकांतील जाहिरातीवर आहे आणि लग्नाच्या व्हिडिओंतही आहे. ती नजर ओळखावयास शिकविणें एवढेंच आपल्या हातीं आहे.

त्या नजरेवर उतारा म्हणून आम्ही एक गीतचित्र नेहमीं सुचवितों. आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर, गाणें ‘नथिंग कंपेअर्झ टु यू’, साल १९९०, दिग्दर्शक जॉन मेबरी. गाणें मूळ प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराचें, आणि आधीं एकदां दुसऱ्या वृंदानें ध्वनिमुद्रित केलेलें. तेव्हां त्याची फारशी वाच्यता झाली नव्हती. ओकॉनरच्या चित्रांत पॅरिसजवळच्या एका बागेंत काळा कोट घालून ती फिरते अशीं कांहीं दृश्यें आहेत. तीं कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. लक्षांत राहतो तो चेहरा. मागें काळोख, अंगांत गळ्यापर्यंत काळा पोशाख, डोक्यावर केस जवळजवळ नाहींतच. आणि भरपडद्यावर तो एकच चेहरा, सरळ आपल्या डोळ्यांत पाहणारा. कॅमेरा हलत नाहीं. लपावयास जागा नाहीं. तिलाही नाहीं, आपणांसही नाहीं.

येथें पाहणारा आणि पाहिली जाणारी यांचें नातें उलटें होतें. आपण तिला न्याहाळीत नसून तीच आपणांस न्याहाळते आहे असें वाटूं लागतें. कपाळाची शीर, नाकपुडीचें थरथरणें, रागाची एक लहर येऊन ओसरणें, हें सारें मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेस कधींच दिसलें नसतें. क्लोज-अप हें कॅमेऱ्याचें स्वतःचें धन आहे तें असें. गाणें उत्तरार्धांत आलें असतां त्यांत आईचा उल्लेख येतो, आणि तिच्या डोळ्यांतून दोन अश्रू ओघळतात. ते ठरवून आणलेले नव्हते. ओकॉनरची आई १९८५ सालीं मोटार-अपघातांत वारली होती, आणि त्या ओळीपाशीं आपणांस आईचीच आठवण होते असें ती पुढें सांगत असे. प्रियकराचें म्हणून लिहिलेलें गाणें तिच्यापुरतें आईचें झालें. दिग्दर्शकाचें श्रेय इतकेंच, आणि तें मोठें आहे, कीं त्या क्षणीं त्यानें तोड घातली नाहीं. त्या वर्षीं एम्‌टीव्हीचें सर्वोत्कृष्ट चित्राचें पारितोषिक यास मिळालें. तें मिळविणारी ती पहिलीच स्त्री गायिका. ओकॉनर २०२३ सालीं निवर्तली. तो चेहरा मात्र अजून तसाच, न पापणी लववितां, समोर आहे.

कोणी म्हणतील, हें सर्व जाहिरातीचें साहित्य आहे. गाणें खपावें म्हणून चित्र घेतलें जातें, तेथें कलेची भाषा कशास? आक्षेप खोटा नाहीं. मात्र पेशवाईंतील लावण्या आणि दरबारी चित्रें हींही कोणाच्या तरी पैशानेंच झालीं, आणि म्हणून आपण तीं फेंकून दिलीं नाहींत. पैसा कोणाचा हें विचारावें, तसेंच त्या पैशांत कारागिरानें आपलें असें काय साधलें हेंही विचारावें. दुसरा आक्षेप वेळाचा. त्याबद्दल पालकांशीं आमचा वाद नाहीं. एकामागून एक वीस गीतचित्रें पाहणें हें वीस वेळां न पाहण्यासारखेंच आहे. त्यापेक्षां एकच तीन वेळां पाहावें, एकदां आवाजासह, एकदां आवाजाशिवाय, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतें ऐकावें. शक्य तर आईवडिलांनीं शेजारीं बसावें. त्यांना गाण्याची भाषा समजली नाहीं तरी चालेल; कॅमेऱ्याची भाषा मुलांपेक्षां त्यांनाच कदाचित् लवकर उमगेल, कारण त्यांनीं माणसांचे चेहरे अधिक वर्षें पाहिले आहेत.

आतां जे विद्यार्थी स्वतःच फोनवर असलीं चित्रें घेऊं लागले आहेत त्यांच्यासाठीं. त्यांची आमच्याकडे नित्याची कुरकूर अशी कीं चांगला कॅमेरा नाहीं, दिवे नाहींत, ड्रोन नाहीं. त्यांनीं अमेरिकेंतील ओके गो या वृंदाचें २००६ सालचें ‘हिअर इट गोज अगेन’ पाहावें. चार माणसें आणि व्यायामाच्या आठ ट्रेडमिल, म्हणजे ज्यांवर चालावें व जागच्या जागीं राहावें असे फिरते पट्टे. कॅमेरा समोर एका जागीं रोवलेला. आरंभापासून अखेरपर्यंत एकही तोड नाहीं. वृंदांतील गायकाची बहीण ट्रिश सी ही नृत्य बसविणारी. तिच्याच घरीं हें बसविलें, आणि तालीम सुमारें आठवडाभर चालली. एकाचा पाय चुकला कीं सारें पहिल्यापासून. अशा रीतीनें सतरा-एक वेळां घेतल्यावर एक सबंध प्रयोग हातीं लागला, आणि २००७ सालीं त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तोड नसल्यामुळें पाहणाऱ्यास मनांतून ठाऊक असतें कीं हे लोक खरोखरच पडूं शकतात. त्या धाकधुकींतच सारी गोडी आहे.

आमच्या शाळेंत फिरते पट्टे नाहींत. परंतु लांब व्हरांडा आहे, दोन वळणांचा जिना आहे, मधल्या सुटींत तीनशें डबे एकदम उघडल्याचा आवाज आहे, आणि चित्रकलेच्या वर्गाच्या पश्चिमेकडील खिडकींतून चारच्या सुमारास येणारा तिरपा उजेड आहे, जो विकत घ्यावयाचा तर स्टुडिओवाल्यांस हजारों रुपये पडतील. आधीं गोष्ट एका वाक्यांत कागदावर लिहावी, मग कॅमेरा कोणाच्या बाजूनें पाहणार तें ठरवावें, आणि मगच फोन बाहेर काढावा. तिकाटणें नसेल तर तो विटेला टेकवून ठेवला तरी चालतो.